ठाणे खाडीत चिंबोरी पोसायची आहे : २०० डबे, पाणी, परवानगी, हिशेब… सविस्तर लिहा

दिवाळे_जेटी (धागा सुरू)

नमस्कार मंडळी,

नवी मुंबईच्या खाडीकाठच्या गावांतला एक गट चिंबोरी (खाडीतला खेकडा) पोसण्याचं काम सुरू करू पाहतोय. १४ जण आहेत, त्यांत ९ बायका. बायका ओहोटीला चिखलात उतरून निवट्या (चिखलातले मासे), खुबे (शिंपले), चिंबोऱ्या धरतात; पुरुष पाग (फेकायचं जाळं) आणि बोक्शीवर (खुंटांना बांधलेलं पिशवीसारखं जाळं) असतात. पोकळ (आत मांस न भरलेली) चिंबोरी बाजारात पडेल भावाने जाते आणि तीच तीन-चार आठवडे पोसून भरली की भाव दुपटीच्या घरात जातो, एवढं सगळ्यांना ठाऊक आहे. विचार २०० डब्यांचा आहे, खाडीतच तरंगत्या सांगाड्यावर. काहींचं म्हणणं की खाजणात (खाडीकाठच्या खाऱ्या दलदलीत) कुंपण घालून करावं.

विचारायचं ते असं : आपलं पाणी चालेल का, कुठल्या महिन्यांत चालेल, परवानगी कुणाकुणाची लागते, आणि डबे लावल्यावर नेमकं काय बिघडतं? यशोगाथा सगळीकडे मिळतात, बिघाड कुणी लिहीत नाही. लांबलं तरी चालेल.

---

उघाडी

दादा, आधी डबे की कुंपण ते बघू.

खाजणातलं कुंपण सिंधुदुर्गात चालतं म्हणून आपल्याकडे चालेल असं नाही. त्याला जाळी चिखलाखाली दीड-दोन फूट गाडावी लागते, कारण चिंबोरी बीळ करून खालून निघते. वर उधाणाच्या (अमावस्या-पौर्णिमेच्या मोठ्या भरतीच्या) पाण्यापेक्षा उंच ठेवावी लागते आणि वरच्या फूटभर पट्ट्याला गुळगुळीत प्लास्टिक लावावं लागतं, नाहीतर ती जाळीवर चढून पलीकडे जाते. आत फिरतं पाणी राहावं म्हणून चर खणावे लागतात. नवी मुंबईच्या काठावर यातली दोन कामं अडतात. तिवरांच्या जमिनीत चर खणणं परवानगीशिवाय वनगुन्हा ठरतो. आणि प्रत्येक उधाणाला जो प्लास्टिकचा कचरा येतो तो जाळीला चिकटून भिंत होते. पाण्याचा जोर त्या भिंतीवर बसला की खुंट आडवे होतात. वाशी ते ऐरोली पट्ट्यात कुठल्याही तिवराच्या मुळाशी वाकून बघा, किती पिशव्या अडकल्यात ते.

शिवाय कुंपणात चिंबोऱ्या एकमेकींना खातात. कात टाकलेली मऊ चिंबोरी बाकीच्यांना आयतं खाद्य असतं. चौरस मीटरला एकीपेक्षा जास्त सोडली की नांग्या तुटलेल्याच जास्त निघतात, आणि एक नांगी गेली की भाव निम्म्यावर.

म्हणून डबे. एका डब्यात एकच चिंबोरी. डबा साधारण फूटभर लांब, पाऊण फूट रुंद, सगळ्या बाजूंनी भोकं असलेला, झाकण घट्ट बसणारा. भोकं बोट जाईल एवढी असावीत. त्याहून बारीक भोकं आठ दिवसांत गाळाने बुजतात. सांगाडा चार इंची पीव्हीसी पाइपचा, दोन्ही टोकं बंद करून. टोपणाला नुसतं सोल्यूशन लावून भागत नाही, आतून फोमचा तुकडा कोंबायचा, म्हणजे पाइपला चीर गेली तरी सांगाडा बुडत नाही. एका सांगाड्यावर २० ते २५ डबे पुरे. पन्नास डब्यांचा एकच मोठा सांगाडा केला तर तो साफ करायला उचलता येत नाही आणि वादळी वाऱ्यात मधोमध मोडतो.

सगळ्यात जास्त सांगाडे जातात ते बांधणीत. आपल्या खाडीत उधाणाला भरती-सुकतीतला (ओहोटीतला) फरक चार मीटरच्या वर जातो. दोर आखूड बांधला की भरतीला सांगाडा पाण्याखाली ओढला जातो. लांब ठेवला की सुकतीला प्रवाहासोबत फिरून चिखलावर बसतो आणि डब्यातल्या चिंबोऱ्या उन्हात भाजतात. उपाय सोपा आहे : दोन खुंट रोवायचे आणि सांगाड्याला दोन मोठ्या कड्या लावून त्या खुंटांवरून वर-खाली सरकू द्यायच्या. खुंट मऊ गाळात निदान सहा-सात फूट आत जायला हवा. बांबू स्वस्त पडतो, पण लाकूड पोखरणारा किडा तो एका हंगामात चाळणीसारखा करतो. दुसऱ्या वर्षी तोच बांबू वापरू नका. जीआय पाइप परवडला तर उत्तम.

जागा निवडताना सर्वात खालच्या सुकतीला, म्हणजे अमावस्या-पौर्णिमेनंतरच्या एक-दोन दिवसांत, तिथे काठी घालून बघा. त्या वेळीसुद्धा चार-पाच फूट पाणी राहत असेल तरच जागा चांगली.

---

भांग_उधाण

पाण्याबद्दल लिहितो, कारण ठाणे खाडीत हाच खरा प्रश्न आहे.

खारेपणा मोजायला रिफ्रॅक्टोमीटर घ्या, हातात मावणारा असतो, एक थेंब पुरतो. चिंबोरीला १५ ते २५ पीपीटी (हजार भाग पाण्यात मिठाचे तेवढे भाग) मानवतो, ३० लाही अडचण नाही. १० च्या खाली खाणं मंदावतं. आकडा कमी असण्यापेक्षा तो एकदम खाली येणं जास्त घातक आहे. पावसाळ्यात खाडीच्या वरच्या अंगाला, कळवा-विटाव्याकडे आणि ऐरोलीपर्यंत, दोन दिवसांच्या मुसळधार पावसात पाणी जवळजवळ गोडं होतं. म्हणून जून ते सप्टेंबर डबे वर काढून ठेवायचे. ऑक्टोबरमध्येही परतीचा पाऊस बघून, खारेपणा सलग आठ दिवस १५ च्या वर टिकला की मगच चिंबोरी सोडायची. बेलापूर-दिवाळ्याकडे पाणी लवकर सावरतं, कारण ते समुद्राच्या जवळ.

दुसरी गोष्ट प्राणवायू. तो लीटरला ४ मिलिग्रॅमच्या वर हवा. फार उतरला की चिंबोरी डब्याच्या वरच्या कडेला येऊन लटकते. हे दिसलं की अवधी थोडाच असतो. भांगाच्या दिवसांत, म्हणजे अष्टमीच्या आगेमागे, पाण्याची अदलाबदल कमी होते, नाल्यांतून आलेलं सांडपाणी तिथेच घोटाळत राहतं. गट बुडतात ते याच चार-पाच दिवसांत. त्या दिवसांत खाद्य निम्मं करा.

---

नाखवा_ऐरोली

भांग_उधाण दादा, भांगाचं बरोबर आहे, पण उधाणालाही एक वेळ वाईट असते. अमावस्या-पौर्णिमेला आपल्याकडे भरती दुपारी आणि मध्यरात्री बाराच्या सुमाराला भरते, म्हणजे सुकती पहाटे-सकाळी सहा-सातच्या आसपास. रात्रभर पाण्यातला प्राणवायू खर्च होऊन पहाटे तो सर्वात कमी असतो, आणि नेमकं त्याच वेळी खाडीत उरतं ते वरून उतरलेलं नाल्यांचं पाणी. दोन्ही वाईट वेळा एकत्र येतात. त्यामुळे मोजायचं असेल तर दुपारी बारा वाजता मोजून समाधान मानू नका, तेव्हा सगळीकडे पाणी चांगलंच दिसतं. उधाणाच्या पहाटेच्या सुकतीला एकदा आणि भांगाच्या पहाटे एकदा, असं दोनदा मोजा. दोन्ही वेळा ४ च्या वर आलं तर जागा पक्की.

आणि भरतीचं कोष्टक मुंबई बंदराचं असतं. वाशी-ऐरोलीला पाणी त्याहून उशिरा चढतं. किती, ते जागेनुसार बदलतं. आठवडाभर एका खुंटाला रंगाच्या खुणा करून आपल्या जेटीचा फरक काढून ठेवा. पुढे प्रत्येक कामाला तो लागतो.

---

भांग_उधाण

पटलं दादा. पहाटेच्या सुकतीचं माझ्या लिहिण्यातून राहिलं होतं. दोन्ही वेळा मोजणंच योग्य.

---

दिवाळे_जेटी

खूप नेमकं लिहिताय सगळे. पुढचा प्रश्न : पोसायला घ्यायची चिंबोरी कशी ओळखायची? अमावस्येला भरलेली आणि पौर्णिमेला पोकळ, एवढंच सगळे सांगतात.

---

बंदरपाटी

भाऊ, तिथीवर बाजाराचा अंदाज बांधतात, पण एकाच दिवशी धरलेल्या दहा चिंबोऱ्यांत चार पोकळ नि सहा भरलेल्या निघतात. हातात घेऊनच बघायचं.

चिंबोरी मागून धरायची, अंगठा पाठीवर आणि बोटं पोटाखाली, मागच्या वल्ह्यासारख्या पायांच्या मधोमध. नांग्या तिथे पोचत नाहीत. उलटी करून नांगीच्या शेजारच्या पहिल्या पायाच्या मुळाशी, कवचाच्या खालच्या बाजूला अंगठ्याने दाबायचं. दबून परत वर आलं तर ती पोकळ, नुकतीच कात टाकून कवच धरतेय. जराही दबलं नाही आणि हाताला आकारापेक्षा जड लागली तर भरलेली, ती लगेच विकायची, पोसायला ठेवू नका. अगदी पापडासारखं सगळं अंग दबत असेल तर ती डब्यापर्यंत नेईस्तोवरच मरते, ती घेऊ नका. कवच पूर्ण टणक पण पोटाची कड किंचित दबते, अशी घ्यायची. पोटाची ढापणी अरुंद, टोकदार असेल तर नर, रुंद गोलसर असेल तर मादी. मादी पोसून लाखेची (आत अंड्यांनी भरलेली) झाली तर तिचा भाव सगळ्यात वरचा. पण पोटाच्या ढापणीबाहेर अंड्यांचा गुच्छ आलेली मादी असेल तर ती तिथल्या तिथे खाडीत सोडा. तिला बाजारही नसतो आणि पुढच्या वर्षीच्या चिंबोऱ्या तिच्याच पोटाशी असतात.

२०० ग्रॅमच्या आतली धरू नये. ३५० ते ५०० ग्रॅमची पोसायला सगळ्यात फायद्याची.

धरल्यापासून डब्यात जाईपर्यंत सुतळीने नांग्या बांधून, ओल्या गोणपाटाखाली, सावलीत. बादलीत पाणी भरून वीस-वीस चिंबोऱ्या कोंबतात, ते चुकीचं आहे. साचलेल्या पाण्यातला प्राणवायू लवकर संपतो आणि त्या गुदमरतात. ओल्या गोणपाटात मात्र दिवसभर जगतात, कारण कल्ले ओले राहिले की हवेतला प्राणवायू त्यांना पुरतो.

आणि एक, हे बायकांसाठी महत्त्वाचं आहे. चिंबोरी पायी धरणाऱ्या बायकांना गटात फक्त "पुरवठादार" ठरवू नका. पोकळ चिंबोरी त्या आणतील, डब्यात टाकतील आणि नफा डबे ज्याच्या नावावर त्याचा, असं व्हायला नको. चिंबोरी आणली त्या दिवशीचा पोकळ भाव त्यांना रोख, आणि विक्रीनंतरच्या नफ्यात वाटा वेगळा, हे पहिल्याच सभेत इतिवृत्तात लिहून घ्या.

---

हिशेबाची_वही

बंदरपाटी ताईंनी वाट्याचं काढलं म्हणून आकडे मांडतो. भाव रोज बदलतात, तेव्हा हे आकडे फक्त रीत दाखवायला आहेत, आपापल्या बाजाराचे घालून बघा.

समजा १०० डबे, प्रत्येकी ४०० ग्रॅमची पोकळ चिंबोरी, ४०० रुपये किलो. ४० किलोचे १६,००० रुपये. खाद्य रोज वजनाच्या ५ टक्के, म्हणजे २ किलो. २५ दिवसांत ५० किलो, ४० रुपये किलोने २,००० रुपये. एकूण १८,०००. आता १५ मेल्या, ८५ उरल्या, प्रत्येकी ४४० ग्रॅम भरली. ३७.४ किलो, ९०० रुपये भावाने ३३,६६० रुपये. हातात १५,६६०, त्यातून डब्यांची घसारा-दुरुस्ती, होडीचं तेल, राखण आणि मजुरी.

तेच ४० मेल्या तर ६० उरतात, २६.४ किलो, २३,७६० रुपये, हातात ५,७६०. मजुरी धरली तर तोटाच. आणि ५५ मेल्या की खरेदी-खाद्यसुद्धा सुटत नाही. म्हणजे वजन वाढवण्यात पैसा फारसा नाही, पोकळची भरलेली होण्यात आणि जिवंत राहण्यात आहे. जास्त खाऊ घालून जास्त नफा होत नाही. उरलेलं खाद्य डब्यात कुजतं आणि मरतुक वाढते.

---

उघाडी

अगदी. खाद्याचं माझ्याकडून : ४०० ग्रॅमच्या चिंबोरीला २० ग्रॅम, म्हणजे दोन बोटांएवढा तुकडा. संध्याकाळी द्यायचा, ती रात्री खाते. सकाळी झाकण उघडून उरलेलं काढून टाकायचं. सलग दोन दिवस तुकडा तसाच उरला तर ती आजारी आहे किंवा कात टाकायच्या बेतात आहे, खाद्य थांबवा. कात टाकलेली दिसली तर रिकामं कवच लगेच उचलू नका, ती ते थोडं खाते आणि चुना परत मिळवते.

बाजारातली मुंडकी-आतडी चालतात, पण त्याच दिवशीची. कोळंबीची कच्ची डोकी मात्र टाळा, पांढऱ्या ठिपक्यांचा विषाणू त्यातून येतो. चिंबोरी स्वतः न मरता तो बाळगू शकते आणि जवळपासच्या कोळंबी तलावांपर्यंत पोचवते.

दर आठ दिवसांनी डबे ब्रशने घासायचे. होडीच्या बुडाला चिकटतात तेच टणक बारीक शिंपले डब्यालाही चिकटतात आणि भोकं बंद करतात. जादा दहा डबे ठेवा, घासायला काढलेल्याच्या जागी लगेच दुसरा. चिकटलेले शिंपले उन्हात दोन दिवस वाळवून मग खरवडून काढा, कसलंही रसायन वापरू नका.

---

चाचणी_आधी

ठाणे-बेलापूर पट्टा १९६० च्या दशकापासून कारखान्यांचा आहे. कारखाने कमी झाले, बदलले, पण गाळात बसलेले धातू गाळातच राहतात. त्यामुळे विक्रीआधी धातूंची तपासणी करा असं कळकळीने सांगतो. ही ग्राहकाशी इमानदारी झालीच, शिवाय एकदा वाईट अहवाल वर्तमानपत्रात आला की सगळ्या खाडीचा बाजार बसतो, बोईचा, कोळंबीचा, निवट्यांचासुद्धा.

नमुना असा घ्यायचा : एकाच जागेच्या पाच-सहा चिंबोऱ्या, प्लास्टिकच्या स्वच्छ पिशवीत, धातूच्या डब्यात नाही. पिशवीवर तारीख, जागा, भरती की सुकती. बर्फात घालून एनएबीएल (प्रयोगशाळांना मान्यता देणारं राष्ट्रीय मंडळ) मान्यता असलेल्या अन्न-प्रयोगशाळेत. शिसे, कॅडमियम आणि पारा, हे तीन सांगून मागा. आणि नांगीचं मांस वेगळं, कवचाखालचा पिवळट-तपकिरी मऊ भाग वेगळा तपासायला सांगा. कॅडमियमसारखे धातू मुख्यतः त्या मऊ भागात साठतात. मांस मर्यादेत आणि मऊ भाग मर्यादेबाहेर असा अहवाल आला तर ती माहिती ग्राहकाला द्यायला हवी, लपवायला नको. एफएसएसएआयच्या (अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या) मर्यादा अहवालावर छापून मागा. पोसण्याआधी एक नमुना आणि पोसून झाल्यावर एक, म्हणजे आपल्या जागेने भर घातली का ते कळतं. वर्षातून दोनदा पुरे, पहिल्या वर्षी मात्र प्रत्येक हंगामात.

---

तिवर

परवानग्या. नवी मुंबईतली गावं ठाणे जिल्ह्यात, पनवेल-उरणची रायगडात, हे आधी लक्षात घ्या, नाहीतर अर्ज चुकीच्या कार्यालयात फिरत बसतो.

सरकारी जमिनीवरची तिवरं उच्च न्यायालयाच्या २००५ च्या आदेशानंतर राखीव वन झाली. सप्टेंबर २०१८ च्या निकालात तिवरांच्या भोवती ५० मीटरचा बफर आणि त्यात बांधकाम नाही हे पक्कं झालं. त्यामुळे काठावर साठवणीची शेड, सिमेंटची टाकी, काहीही बांधायचं डोक्यातून काढा. तरंगते डबे, खुंट आणि होडी एवढंच.

ठाणे खाडी फ्लेमिंगो अभयारण्य ऑगस्ट २०१५ चं, १,६९० हेक्टर. त्याला लागून खाडीचा मोठा भाग २०२२ पासून रामसर (आंतरराष्ट्रीय महत्त्वाची) पाणथळ आहे. तुमची जागा हद्दीत येते की बाहेर, ते जीपीएसने बिंदू घेऊन कांदळवन कक्षाकडून (वनखात्याच्या तिवरांसाठीच्या विभागाकडून) लेखी घ्या. तोंडी "चालेल" म्हणाले, यावर पैसे गुंतवू नका. किनारी मत्स्यशेती प्राधिकरणाची नोंदणी आहे, तिचा अर्ज जिल्हा मत्स्यव्यवसाय कार्यालयातून जातो. खुंट रोवून होड्यांच्या वाटेत येत असेल तर मेरीटाइम बोर्डाचं नाहरकत घ्या.

पैशाची बाजू : कांदळवन संरक्षण व उपजीविका निर्माण योजनेत (२०१७) गटाने केलं तर ९० टक्के शासन, १० टक्के गट. चिंबोरी, शोभिवंत मासे, जिताडा (खाडीतला मोठा मासा), निसर्ग पर्यटन सगळं त्यात बसतं. गावाची समिती, ठराव आणि गटाचं बँक खातं आधी तयार हवं. प्रधानमंत्री मत्स्यसंपदा योजनेत सर्वसाधारण गटाला ४० टक्के, महिला आणि अनुसूचित जाती-जमातींना ६० टक्के. तुमच्यात बायका जास्त आहेत, अर्ज महिला गटाच्या नावाने करा. एप्रिल २०२५ मध्ये राज्याने मत्स्यव्यवसायाला कृषीचा दर्जा दिला, तेव्हा बँकेत किसान क्रेडिट कार्ड मागताना तो निर्णय सोबत न्या.

आणि जागेचं शेवटचं बोलणं कार्यालयात होत नाही, गावात होतं. बोक्शीच्या जागा घरागणिक ठरलेल्या आहेत. तुमचा सांगाडा कुणाच्या जाळ्याच्या तोंडाशी आला तर परवानगी असूनही भांडण होणार. मच्छीमार संस्थेच्या सभेत जागा दाखवून ठराव करून घ्या.

---

गाळ_वाढतोय

माफ करा, पण थोडं वेगळं बोलतो. डबे लावा, जरूर लावा. पण खाडी अरुंद होतेय त्याचं काय? पुलांचे खांब, भराव, नाल्यांचा गाळ यांनी प्रवाह मंदावला, गाळ बसला, त्यावर तिवरं पुढे सरकली. जिथे वाणा (एक प्रकारची जाळी) लावायचे तिथे आता झाडं आहेत. जेटीला सुकतीत होडी लागत नाही, चिखलात रुतते, म्हणजे दिवसाचे चार-पाच तासच धंद्याचे. सगळ्यांना पूरक धंदा शिकवून मूळ मासेमारीच्या भरपाईचा प्रश्न मागे पडू नये.

---

नोंदवही_रोजची

गाळ_वाढतोय भाऊ, म्हणूनच हे दोन्ही एकत्र करायचं.

वाशीच्या तिसऱ्या खाडीपुलाबाबत मरिआई मच्छिमार सहकारी संस्थेच्या याचिकेवर उच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२१ मध्ये मच्छीमारांच्या बाजूने निकाल दिला, प्रकल्पाने परंपरागत मासेमारीवर परिणाम होत असेल तर भरपाई द्यावी लागेल आणि राज्याने त्याचं धोरण करावं. हक्क मान्य झाला. अडतं ते पुराव्यापाशी. सर्वेक्षण करणारे आले की विचारतात होडीचा नोंदणी क्रमांक, मासेमारीचा परवाना, संस्थेचं सभासदत्व, डिझेल परताव्याचे कागद. होडीवाल्याकडे यातलं काहीतरी निघतं. चिखलात उतरून खुबे आणि निवट्या धरणाऱ्या बाईकडे यातलं एकही नसतं, आणि भराव पडतो तो सगळ्यात आधी तिच्याच जागेवर.

म्हणून रोजची वही. एका ओळीत : तारीख, तिथी, जागा (गावात म्हणतात तेच नाव आणि सोबत मोबाइलवरचा जीपीएस बिंदू), कसं धरलं (हाताने, पाग, फग म्हणजे चिंबोरीचं जाळं, बोक्शी), किती तास, किती माणसं, काय धरलं, किती किलो, कुठे विकलं, काय भावाने. रिकाम्या हाताने परत आलात तर तेही लिहायचं, शून्य किलो. शून्याच्या ओळी गाळल्या की घट दिसतच नाही. आठवड्यातून एकदा काट्यावरच्या मासळीचा फोटो, ज्यात काट्याचा आकडा वाचता येईल. महिनाअखेर संस्थेच्या अध्यक्ष-सचिवांची सही आणि शिक्का. वही बांधील पानांची, सुटी पानं नकोत, खाडाखोड केली तर शेजारी सही.

प्रकल्प जाहीर झाल्यावर सुरू केलेली वही कुणी मानत नाही. आधीच्या दोन-तीन वर्षांची हवी. त्यामुळे आजच सुरू करा, चिंबोरीच्या गटाला तर ती खरेदीची नोंद म्हणून लागणारच आहे. बायकांची नावं राष्ट्रीय मत्स्य डिजिटल मंचावर नोंदवून घ्या, ती मोफत होते आणि होडीची अट नाही. समूह अपघात विम्यातही त्यांना आणा : मृत्यू किंवा कायमच्या पूर्ण अपंगत्वाला ५ लाख.

---

दिवाळे_जेटी

ही वही आजपासूनच. एक विचारायचं राहिलं : पावसाळ्याच्या चार महिन्यांत गटाने काय करावं? आणि फ्लेमिंगो दाखवायची होडी काढावी का?

---

तिवर

होडीबद्दल थोडक्यात : मासेमारीच्या परवान्यावर प्रवासी बसवता येत नाहीत. प्रवासी होडीची वेगळी नोंदणी, तपासणी, चालकाचं प्रमाणपत्र, प्रत्येकाला जॅकेट आणि विमा लागतो. हंगाम साधारण नोव्हेंबर ते मे, आणि भरतीच्या आगेमागे दोन-दोन तासच होडी फिरते. ऐरोलीच्या किनारी व सागरी जैवविविधता केंद्रातून फेऱ्या चालतात, तिथे चालक आणि वाटाड्या म्हणून आधी काम करावं, स्वतःची होडी नंतर. थव्यात होडी घुसवायची नाही. पक्षी वारंवार उडाले की त्यांचं खाणं तुटतं.

---

उघाडी

पावसाळ्यात जिताडा. गोड्या पाण्यातही राहतो, त्यामुळे खारेपणा उतरला तरी धोका नाही. गावालगत जुनी तळी किंवा बांध घालून अडवलेलं पाणी असेल तर करता येईल. मात्र तो आपल्याच भावंडांना गिळतो. बोटभर होईपर्यंत दर आठवड्याला मोठे-मध्यम-लहान असे वेगळे करावे लागतात, एक आठवडा चुकला तर शंभराचे साठ उरतात. त्यावर वेगळा धागा काढू.

तुमच्या डब्यांचं : २०० नको, पहिल्या फेरीला २० डबे, एकच सांगाडा. नोव्हेंबरमध्ये, भांग संपून पाणी जोर धरू लागलं की चिंबोऱ्या सोडा, म्हणजे पहिला आठवडा चांगल्या पाण्याचा मिळतो आणि पुढच्या भांगापर्यंत त्या सावरलेल्या असतात. प्रत्येक डब्याला क्रमांक, झाकणावर जाड मार्करने नको, तो पुसला जातो. कानाला तारेने बांधलेला प्लास्टिकचा बिल्ला. वहीत त्या क्रमांकासमोर सोडतानाचं वजन, नर की मादी, रोज खाल्लं की नाही, मेली तर कुठल्या दिवशी आणि त्या दिवशी भांग की उधाण. पंधराव्या दिवसापासून रोज पाच-पाच डबे उघडून अंगठ्याने दाबून बघायचं. भरली ती त्याच दिवशी काढायची. आणखी वजनाच्या लोभाने ठेवली तर ती परत कात टाकू शकते आणि पुन्हा पोकळ होते.

---

बंदरपाटी

आणि काढलेल्या चिंबोऱ्या पहाटेच बाजारात आणा, नांग्या बांधून, ओल्या गोणपाटात, बर्फाला न टेकवता. बर्फ लागलेली चिंबोरी पाय ढिले सोडते आणि घेणारा तिला मेलेली समजून निम्मा भाव सांगतो.